अननसातला चौथा अ

दुसरीचा वर्ग होता. वाचनात मागे राहिलेल्या चार-पाच मुलांना मधल्या सुट्टीनंतर मी पुन्हा मुळाक्षरांपासून घेत असे. त्यातला एक जण अक्षरांखाली बोट सरकवत वाचत होता, अ, न, न, स. मग सगळी अक्षरे जोडून त्याने शब्द म्हटला आणि शेवटच्या स-ला चांगला ठसठशीत अ लावला. मी म्हटले, ‘अननस् म्हण. स्-वर थांबायचं.’ त्याने पुन्हा पुस्तकात पाहिले. जोडाक्षरे नुकतीच शिकवून झाली होती. तो म्हणाला, ‘पण बाई, स-चा पाय कुठं मोडलाय?’

त्याचे बरोबर होते. व्यंजनातला अ काढायचा असेल तर त्याचा पाय मोडायचा, हे मीच त्याला शिकवले होते. अननसात चार अक्षरे आहेत आणि चारही अ-ने भरलेली आहेत. लिहायला चार अ, म्हणायला तीन. चौथा कुठे जातो, आणि जातो हे मराठी माणसाला कुणी न सांगता कसे कळते? त्या दिवशी मी ‘असंच म्हणायचं असतं’ एवढेच उत्तर दिले. त्या उत्तराची टोचणी पुढे बरीच वर्षे राहिली आणि तिच्यामुळे हे पुस्तक लिहून झाले. पुस्तक एकाच स्वराचे आहे. आपल्या वर्णमालेत तो सर्वांत आधी येतो आणि आपण त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष देतो.

अननस हा शब्दही पाहुणाच. दक्षिण अमेरिकेतल्या तुपी भाषिकांकडून तो पोर्तुगीजांनी उचलला आणि सोळाव्या शतकात फळाबरोबर आपल्या किनाऱ्यावर आणला. पोर्तुगालमध्ये आजही त्याचा उच्चार जवळपास ‘अननाश्’ असा होतो. आघात शेवटच्या स्वरावर असल्यामुळे तिथे आ आहे, आणि आघात नसलेले आधीचे दोन्ही स्वर अ-च्या जवळ सरकलेले आहेत. हिंदीने या शब्दात दोन आ घालून त्याचा अनानास केला. मराठीने एकही ठेवला नाही.

आता हा ध्वनी तोंडात कसा तयार होतो ते पाहू. ओठ सैल, जबडा किंचित उघडा, जीभ मध्यभागी, पुढे नाही, मागे नाही, वर नाही, खाली नाही. नुसता आवाज सोडायचा. प्रौढ पुरुषाच्या स्वरयंत्रापासून ओठांपर्यंतचा मार्ग साधारण साडेसतरा सेंटिमीटर लांब असतो. अ म्हणताना हा मार्ग एका टोकाला बंद आणि दुसऱ्या टोकाला उघड्या असलेल्या सरळ नळीसारखा राहतो. अशा नळीत ५००, १५०० आणि २५०० हर्ट्झच्या आसपास अनुनाद उठतात, अगदी समान अंतराने. इ म्हणताना जीभ पुढे उचलून आपण नळी एका जागी अरुंद करतो. उ म्हणताना ओठांचा चंबू करून तिचे तोंड आवळतो. मग अनुनादांची अंतरे बिघडतात आणि त्या बिघडण्यालाच आपण वेगळा स्वर म्हणतो. अ-मध्ये नळीला कुठेही दाब नाही. बोलता बोलता शब्द सुचला नाही की मराठी माणूस ‘अं...’ म्हणून थांबतो, इंग्रज ‘अऽ’ म्हणून थांबतो. स्पॅनिश भाषेत मात्र हा स्वर नाही, म्हणून स्पॅनिश माणूस ‘ए...’ म्हणतो. म्हणजे विसावासुद्धा ज्याच्या त्याच्या भाषेतला असतो.

ध्वनिशास्त्रात या स्वराला श्वा म्हणतात. नाव हिब्रू भाषेतून आले. हिब्रू लिपीत अक्षराखाली दोन टिंबे एकाखाली एक देतात, त्या खुणेचे ते नाव. तिबेरियासच्या विद्वानांनी हजारेक वर्षांपूर्वी धर्मग्रंथांचे उच्चार पक्के करण्यासाठी या खुणा ठरवल्या. श्वाची गंमत अशी की तीच खूण काही ठिकाणी ‘इथे स्वर नाही’ असे सांगते आणि काही ठिकाणी ‘इथे अगदी निसटता स्वर आहे’ असे. कुठे काय समजायचे ते वाचणाऱ्याने ठरवायचे. माझ्या वर्गातल्या त्या मुलाला हे सांगायला हवे होते, की हजार वर्षांपूर्वीच्या शहाण्या माणसांनाही या स्वराचे असणे आणि नसणे एकाच खुणेने दाखवावे लागले. आज ध्वनिलिपीत श्वासाठी जो उलटा रोमन ‘ई’ वापरतात, तो बव्हेरियाच्या बोलींचा अभ्यास करणाऱ्या योहान आन्द्रेआस श्मेलर यांनी १८२१ मध्ये वापरला. जर्मन शब्दांच्या शेवटी विरत जाणारा एक स्वर त्यांना कागदावर पकडायचा होता.

युरोपात या स्वराची ओळख अशी शब्दाच्या शेपटाकडून झाली. उरलासुरला, आघात न लाभलेला, अस्पष्ट स्वर म्हणून. आपल्याकडे त्याला पहिल्या पाटावर बसवले. गीतेच्या दहाव्या अध्यायात श्रीकृष्ण अक्षरांमधला अकार म्हणजे मी असे सांगतात. तमिळ तिरुक्कुरळची सुरुवातच अकार हा अक्षरांचा आरंभ या विचाराने होते. आणि पाणिनीने अष्टाध्यायीचा शेवट अ-वर केला. चार हजारांच्या आसपास सूत्रांनंतरचे अगदी शेवटचे सूत्र असे आहे की त्यात हे एक अक्षर दोनदा येते, बाकी काही नाही.

त्या सूत्राचे कारण समजले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते. संस्कृतात आ म्हणताना तोंड मोकळे उघडते, त्याला विवृत म्हणतात. ऱ्हस्व अ म्हणताना ते तितके उघडत नाही, तो संवृत. म्हणजे अ आणि आ हे इ-ई किंवा उ-ऊ यांच्यासारखे ऱ्हस्व-दीर्घ जोडपे नाही. दोघांचा उच्चारच वेगळा आहे. पण व्याकरणात अ आणि अ मिळून आ होतो हे सांगायचे तर दोघे सवर्ण मानायला हवेत. पाणिनीने संपूर्ण ग्रंथभर अ-ला विवृत धरले, सगळे संधी, सगळी रूपे त्या गृहीतावर सिद्ध केली, आणि अखेरच्या सूत्रात कर्ज फेडावे तसा तो परत केला: व्याकरणात विवृत धरलेला अ बोलताना संवृतच. शास्त्राच्या सोयीसाठी कानाला जे ऐकू येते ते त्याने अडीच हजार वर्षांपूर्वी नाकारले नाही. मराठीत अ आणि आ यांना एकाच स्वराची ऱ्हस्व-दीर्घ जोडी म्हणून शिकवणाऱ्या आपण सगळ्यांनी या सूत्रापाशी थोडे थांबावे असे मला मनापासून वाटते.

संस्कृतात अ इतका का भरून राहिला आहे, याची कथा एकोणिसाव्या शतकात उलगडली. व्हिटनी या अमेरिकन संस्कृतज्ञाने संस्कृत उताऱ्यांतले ध्वनी मोजले तेव्हा दर शंभरांत जवळजवळ वीस एकटे अ निघाले. हे पीक एका वाफ्यातले नव्हते. लॅटिनमधला ‘देकेम्’ म्हणजे दश, ‘ओक्तो’ म्हणजे अष्ट, आणि ‘आगो’ म्हणजे हाकणे, संस्कृतातला अज् धातू. ए, ओ आणि अ असे तीन वेगळे स्वर भारत-इराणी शाखेत एका अ-मध्ये येऊन मिळाले. तिन्ही मूळचे वेगळे होते याचा पुरावा संस्कृतच्या पोटातच सापडला. कृ धातूचे रूप चकार, गम् धातूचे जगाम. द्विरुक्ती करताना क-चा च आणि ग-चा ज का व्हावा? कारण त्या पहिल्या अक्षरात कधीकाळी ए होता, आणि ए-च्या आधी जीभ टाळूकडे ओढली जाते. ए पुढे अ-मध्ये विरून गेला, पण जाण्याआधी क-वर आपला ठसा ठेवून गेला. १८७० च्या दशकात अनेक अभ्यासकांना हे जवळपास एकाच वेळी, स्वतंत्रपणे दिसले. नकाराचा अ तर स्वरातूनही आलेला नाही. अज्ञान, अशांत यांतला अ मूळचा न, जो व्यंजनापुढे झिजून अ झाला. पुढे स्वर आला की तो जुना न अजून उभा राहतो: अनंत, अनादर, अनुचित.

या अ-बाहुल्यामुळेच ब्राह्मी लिपी घडवणाऱ्यांनी एक धाडसी काटकसर केली. इतर स्वरांना काना, मात्रा, वेलांटी दिली आणि अ-ला काहीच दिले नाही. व्यंजन लिहिले की त्यात अ आलाच. हाच एक मार्ग होता असे मात्र नाही. आंध्रातल्या भट्टिप्रोलु येथील स्तूपात सापडलेल्या करंडकांवर ब्राह्मीचाच एक प्रकार आहे, त्यात व्यंजन कोरडे असते आणि अ लिहायला वेगळी खूण करावी लागते. ती पद्धत टिकली नाही. टिकली असती तर माझ्या वर्गातल्या मुलाला प्रश्न पडला नसता.

कारण पुढे भाषा बदलली आणि लिपी तिथेच राहिली. ज्ञानेश्वरी १२९० मधली. तिच्या भाषेत देवु, जीवु अशी उकारान्त रूपे ठायी ठायी भेटतात. तो शेवटचा उ हळूहळू सैल होऊन अ झाला, देव. मग तो अ-ही गेला, देव्. लिहिण्यात मधला मुक्काम राहिला, बोलणे पुढे निघून गेले. मराठीत आजही स्वर याच वाटेने जातात आणि रोज आपल्या तोंडात जातात. लाकूड म्हणतो, पण लाकडाचा. कापूस, पण कापसाचा. पाटील, पण पाटलांचा. ऊ आणि ई यांचा अ होतो असे शुद्धलेखनाचे पुस्तक सांगते. कान लावून ऐकले तर लाक्डाचा, काप्साचा, पाट्लांचा असे ऐकू येते. म्हणजे स्वर अ-पाशी थांबलेलाही नाही.

आणि हे गळणे वाटेल तसे होत नाही. कागद म्हणताना शेवटचा अ जातो, मधला राहतो: कागद्. कागदावर म्हणताना मधलाच जातो: काग्दावर्. परत म्हणजे परत्, परतावा म्हणजे पर्तावा. शब्दाच्या शेवटाकडून मोजत यायचे, शेवटचा अ सोडायचा. मधल्या अ-च्या पुढे भक्कम स्वर उभा राहिला की तो अ खाली बसतो. मित्र, रक्त, पुत्र यांच्या शेवटी जोडाक्षर असते तिथे अ राहतो, नाहीतर जीभ अडखळेल. हा हिशेब मराठीचे मूल शाळेत येण्याआधीच शिकलेले असते.

याची सर्वांत जवळची बहीण मला स्लाव्ह भाषांत भेटली. जुन्या स्लाव्ह भाषेत येर नावाचे दोन अतिऱ्हस्व स्वर होते. चेक अभ्यासक आन्तोनिन हाव्लिक यांनी १८८९ मध्ये दाखवले की शेवटाकडून मोजत गेले तर पहिला येर मेला, दुसरा जगला, तिसरा मेला. रशियनमध्ये झोपेला ‘सोन्’ म्हणतात, आणि झोपेचा म्हणायचे तर ‘स्ना’. प्रत्यय लागताच मधला स्वर नाहीसा. आमचा कागद् आणि काग्दावर् हाच न्याय. तिथेही लिपी मागे राहिली होती. मेलेला येर रशियन शब्दांच्या शेवटी १९१८ च्या लिपिसुधारणेपर्यंत आणि बल्गेरियन शब्दांच्या शेवटी १९४५ पर्यंत लिहीत होते. बल्गेरियनने ते अक्षर टाकून मात्र दिले नाही. शब्दाच्या आत ते आपल्या अ-च्या जवळचा स्वर दाखवते, आणि त्या देशाच्या स्वतःच्या भाषेतल्या नावात ते दुसऱ्या क्रमांकाचे अक्षर आहे.

आर्मेनियात सगळे उलटे. पाचव्या शतकाच्या आरंभी मेस्रोप मश्तोत्स यांनी जी वर्णमाला घडवली, तिच्यात या स्वराला स्वतंत्र अक्षर आहे, आठवे. तरी शब्दाच्या मध्ये ते बहुधा लिहीतच नाहीत. म्क्र्तिच् असे व्यंजनांचे गाठोडे लिहितात आणि ‘मकर्तिच्’सारखे वाचतात. आपण लिहिलेला अ गिळतो, ते न लिहिलेला अ घालतात. दोघांनाही त्यात काही अवघड आहे असे वाटत नाही.

मराठीतला जो अ मला सर्वांत प्रिय आहे तो वर्णमालेत नाहीच. एक बोट, दोन बोटं. एक घर, चार घरं. एकवचनात शब्द ट्-वर संपतो, अनेकवचनात त्यापुढे एक लांब अ येतो. एवढ्याने एकाचे अनेक होतात. पूर्वी तिथे अनुनासिक ए होता, बोटें, घरें. तसेच केलें, गेलें, असें. गोव्याच्या कोंकणीने केलें हे रूप नाकातल्या उच्चारासह जपले आहे. देशावर ए सैल होत होत अ-कडे आला, नाकातला उच्चार गेला, आणि त्याच्या जागी केलं, गेलं, असं यांतला लांबट अ उरला. १९६२ मध्ये साहित्य महामंडळाच्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, पण बोलण्यासारख्या लेखनात या अ-वरचा अनुस्वार ठेवला. तो अनुस्वार नाकातला उच्चार दाखवत नाही. ‘इथला अ गिळू नका, लांबवा’ एवढेच तो सांगतो. लिपीत या स्वराला जागा नव्हती, मराठी लिहिणाऱ्यांनी जुन्या रिकाम्या टिंबाला नवे काम दिले. हा उपाय मला फार शहाणपणाचा वाटतो. मुलांच्या वहीत ‘बोटं’वरच्या टिंबावर लाल काट मारणाऱ्या शिक्षकांत मीही होते. ‘बोटे’ लिहायला सांगण्याआधी ते टिंब काय सांगते आहे हे मुलाला समजावले असते, तर त्याला आपली भाषा अधिक कळली असती.

रोमन लिपीत हा स्वर बसवताना झालेली ओढाताण एका पूर्ण प्रकरणात आली आहे, इथे थोडक्यात सांगते. विल्यम जोन्स यांनी १७८८ मध्ये अ-साठी रोमन ‘ए’ सुचवला. जॉन गिलख्रिस्ट यांच्या कानाला तो इंग्रजी ‘कप’मधल्या स्वरासारखा वाटला, म्हणून ते ‘यू’ लिहीत. पंजाबच्या इंग्रजी नावात पहिला स्वर ‘यू’ आहे तो याच कानाचा वारसा. शेवटी जोन्स यांची बाजू सरस ठरली आणि अ व आ एकाच अक्षरात कोंबले गेले. त्यातून योगचा योगा झाला, बुद्धचा बुद्धा झाला, आणि तो आ आपणही परत घेतला. गोव्यातल्या रोमी कोंकणीने तिसरा मार्ग धरला. तिथे घर हा शब्द ‘जी-एच-ओ-आर’ असा लिहितात, कारण कोंकणी अ ओठ गोल करून ‘ऑ’कडे झुकतो. बंगाली आणि ओडिया अ-ही तसाच गोल. ओडियात तर तो शब्दाच्या शेवटीही गळत नाही. पुरीचा देव त्याच्या भक्तांच्या तोंडी चौथ्या स्वरासह जगन्नाथ असतो. मराठीत तो जगन्नाथ् होऊन तीनच स्वरांचा उरतो.

इंग्रजीने या स्वराला हुकमी हत्यार केले आहे. तिथे आघात शब्दाच्या ज्या अवयवावर (सिलॅबलवर) नाही, त्याचा स्वर कोणताही असो, तो बहुधा अ-कडे घसरतो. बनाना हे फळ इंग्रज तीन वेगळ्या वजनांनी म्हणतो, दोन्ही कडेला अ आणि मधे आ. आपण तिन्ही स्वर समान मानाने म्हणतो, आणि त्याला ते कळायला एक क्षण लागतो. फ्रेंचमध्ये मुका ए आहे. पॅरिसच्या रोजच्या बोलण्यात तो गळतो, दक्षिण फ्रान्समध्ये अजून ऐकू येतो, आणि बारा अवयवांच्या जुन्या फ्रेंच ओळीत, पुढे व्यंजन असेल तर, तो मोजला जातोच. हे वाचताना मला आमचा अभंग आठवला. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे आणि चौथ्यात चार. ती मोजताना घर दोन अक्षरांचे असते, कागद तीन. बोलण्यात गेलेला प्रत्येक अ टाळांच्या ठेक्यावर पुन्हा हजर होतो. हरिपाठ म्हणणाऱ्या, एकही अक्षर न वाचू शकणाऱ्या बायकांच्या तोंडी मी ते अ पूर्ण ऐकले आहेत.

हे पुस्तक वाचताना एक विनंती. उदाहरणे मोठ्याने म्हणून पाहावीत, नुसती डोळ्यांनी वाचू नयेत. दुसऱ्या भाषांतले शब्द मी देवनागरीत, शक्य तितके उच्चाराजवळ लिहिले आहेत. नेहमीचे मराठी लेखन जसेच्या तसे ठेवले आहे. पण जिथे बोलण्यातला उच्चार दाखवायचा आहे, तिथे न ऐकू येणाऱ्या प्रत्येक अ-च्या जागी व्यंजनाचा पाय मोडून दाखवला आहे, त्या मुलाने अननसातल्या स-खाली शोधला होता तसा.